माय रानात जाई लिही

पडद्यावर चार शब्द उमटले आणि धम्मशीलाबाई खुर्चीतून ताडकन उठल्या. माय रानात जाई लिही. असं काही त्या बोलल्याच नव्हत्या. मग आपण बोललो तरी काय, हे आठवायला त्यांना थोडं थांबावं लागलं, आणि आठवलं तेव्हा रिकाम्या वर्गात एकट्याच असूनही त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सकाळचे साडेनऊ वाजले होते. परभणीतल्या वसमत रोडच्या आतल्या गल्लीतली ही शाळा साडेदहाशिवाय भरत नाही, पण बाई आठ वाजताच कुलूप काढून बसल्या होत्या, कारण आनंद अंगात मावेनासा झाला की त्यांना घरी बसवत नाही. बोललेलं लिहून काढणारं हे साधन त्यांच्या पाचवीच्या वर्गात येऊन आठ दिवस झाले होते. हातात टॅब धरायचा, माइकच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि बोलायचं, की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं झरझर उमटायची. बाईंचं वय बावन्न. या वयात माणूस नव्या साडीनंसुद्धा इतकं हुरळत नाही. सकाळपासून त्यांनी त्या यंत्राला काय काय सांगून पाहिलं होतं. आज सोमवार आहे, लिहिलं. पूर्णा गोदावरीला मिळते, लिहिलं. वैशिष्ट्य, प्रतिष्ठा, उज्ज्वल. सगळं लिहिलं, उज्ज्वलमधला दुसरा ज सुद्धा गाळला नाही, आणि हा शब्द बिनचूक लिहिणारी लेकरं बाईंना तीस वर्षांच्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली होती. त्या एकट्याच हसल्या, टाळी वाजवली, आणि त्या हसण्याच्या भरात, कुणी विचारलं नसताना, तोंड बोलून गेलं: माय रानात जायलीय.

जायलीय. म्हणजे जात आहे. या मुलखात घरात कुणी ‘जात आहे’ म्हणत नाही. गडी जायलाय, बाई जायलीय, लेकरू जायलंय. बाई चुडाव्याच्या; स्टेशनाच्या पलीकडं त्यांची वस्ती, आणि वस्तीत सगळं जग असंच यायलं-जायलं, उठायलं-बसायलं. पण बत्तीस वर्षांत हा शब्द त्यांच्या जिभेवर आला नव्हता. येऊ दिला नव्हता. तो जिथं सुटला ती जागा बाईंना पक्की ठाऊक होती आणि त्या तिथं सहसा फिरकत नसत; आज मात्र पाय आपोआप वळले. परभणीतल्या अध्यापक विद्यालयाचं वसतिगृह, पहिलं वर्ष, दुपारची वेळ. फाटकाशी सरजाबाई, त्यांची माय, पॅसेंजरनं आलेली, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. शिपायानं विचारलं, कोण पाहिजे. माय आपल्या रानातल्या आवाजात म्हणाली, माही धम्मी काय करायलीय, तिला म्हणावं माय आली. वरच्या गॅलरीत केस वाळवत बसलेल्या पोरी खिदळल्या. मग महिनाभर ज्या-त्या पोरीनं धम्मशीला दिसली की विचारायचं, धम्मी काय करायलीय. पोरी वाईट नव्हत्या. त्यांना गंमत वाटली होती. पण त्या दिवशी फाटकाशी, चटणीच्या वासात, धम्मशीलानं आईला हळूच सांगितलं होतं की असं नाही म्हणायचं, ‘करत आहे’ म्हणायचं. सरजाबाईनं एकदा म्हणून पाहिलं, करत हाये, आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसली. जाताना मात्र म्हणाली, “तुह्या गावात म्या मुकीच बरी, बाई.” लेकीला ती पहिल्यांदाच बाई म्हणाली होती. पुढं सरजाबाई लेकीच्या घरी पुष्कळदा आली, नातवंडं सांभाळली, दुखणीखुपणी काढली, चार वर्षांमागं गेलीसुद्धा. पण परभणीत ती कमी बोलायची. हूं म्हणायची, न्हाई म्हणायची. चुडाव्याला दारात पाऊल पडलं की तोंडाचा पट्टा सुरू.

आणि आता हे यंत्र म्हणत होतं, माय रानात जाई लिही. बाईंना हसू आवरेना. कशी गंमत आहे पाहा: जाई, लिही हा चांगला व्याकरणातला रीती भूतकाळ. पूर्वी जे नेहमी घडायचं त्याचा काळ. आजी पहाटे उठे, दळी, गाई. यंत्राला जायलीय कळलं नाही, म्हणून त्यानं त्यातल्या ‘जाय’चं जाई केलं आणि उरलेल्या ‘लीय’चं लिही. सरजाबाई आणि लिही. जिनं जन्मात अंगठ्याशिवाय कागदाला काही लावलं नाही. साक्षरतेच्या वर्गाला दोनच दिवस गेली आणि तिसऱ्या दिवशी कापसाची वेचणी निघाली. लेक म्हणाली होती, मी शिकवते घरी. त्यावर मायचं उत्तर ठरलेलं, “लिव्हणं तुहं, रान माहं.” अशी वाटणी करून टाकलेली, भावाभावांत बांध घालतात तशी. तो बांध या टीचभर यंत्रानं एका चुकीत मोडून टाकला होता. बाईंनी ते वाक्य पुसायला बोट उचललं आणि तसंच खाली ठेवलं. मग घाईनं दुसरं पान उघडलं, कारण व्हरांड्यात मुख्याध्यापक माणिकरावांच्या चपला वाजल्या.

माणिकराव माणूस सरळ, पण आज त्यांचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. अकरा वाजता या वर्गातला पाठ पडद्यावरून जिल्ह्यातल्या चाळीस शाळांत दिसणार होता. पाथरी, सोनपेठ, चुडावा, सगळीकडं शिक्षक आणि मुलं समोर बसणार, आणि प्रशिक्षणाचे साहेबही त्यांच्या कचेरीतून पाहणार. पाठ चांगला झाला तर या साधनांसाठी जिल्ह्याची मार्गदर्शक शिक्षिका म्हणून बाईंचं नाव जाणार होतं. बाईंना ते हवं होतं. खोटं कशाला सांगा, फार हवं होतं. गावोगावी जायचं, आपल्यासारख्याच घाबरलेल्या बायकांच्या हातात टॅब द्यायचा, बोला बाई, काही चावत नाही ते, असं म्हणायचं. रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात तेच. माणिकरावांनी पुन्हा एकदा बजावलं की बोलायला ती ठरलेली पाचच मुलं घ्या, तयार केलेली, आणि महेश्वरीला तेवढं मागं बसवा. बाईंनी हो म्हटलं. महेश्वरीचं नाव निघाल्यावर त्यांनी खडू उचलला आणि उगाच तारीख लिहिली, जी सकाळीच लिहून झाली होती.

महेश्वरी ही भागम्माची मुलगी. सोनपेठहून जून महिन्यात आलेलं कुटुंब, गळ्यात लिंग बांधणारी माणसं, कोपऱ्यावर छोटं किराणा दुकान. जुलैत एकदा बाईंनी तिला उभं केलं, दप्तर का आणलं नाही विचारलं, तर पोरगी खणखणीत म्हणाली, माय धुवायलीय. बाई म्हणाल्या, धुवायलीय नाही, धुते आहे. म्हण. पाच वेळा म्हणवून घेतलं. वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या होत्या, प्रेमानंच. त्या दिवसापासून महेश्वरी वर्गात बोलली नाही. वहीत लिहायची, हजेरीला हात वर करायची, पण तोंड बंद. बाईंनी गोडीगुलाबीनं विचारलं, आईला बोलावलं, खडीसाखर दिली. त्यांना कारण कळत नव्हतं असं नाही. कारण कळलं तर फाटकापर्यंत मागं जावं लागलं असतं, म्हणून त्या आत्तापर्यंत कळू देत नव्हत्या. शुद्ध बोल, शुद्ध लिही, हे त्यांनी हजार मुलांना सांगितलं. त्यांच्या आजा-पणज्यांना लोकांनी ज्या शब्दानं पाण्यापासून, देवळापासून लांब ठेवलं, छप्पन साली बौद्ध होताना ज्या शब्दाला घरानं पाठ फिरवली, तोच ‘शुद्ध’ हा शब्द घेऊन त्या तीस वर्षं लाल शाईनं वह्या रंगवत होत्या. हे आज सकाळी, यंत्राच्या एका चुकीनं, त्यांच्या लक्षात आलं. घाम फुटावा अशी ही गोष्ट, पण बाईंना घाम फुटला नाही. त्यांना पळत सुटावंसं वाटलं, कुठं ते माहीत नसताना.

अकराला पाठ सुरू झाला. पडद्याच्या कडेला चौकोन उघडले, एकेका चौकोनात एकेक वर्ग, तेलानं चोपडलेली डोकी, हलणारे हात. चुडाव्याचा चौकोन बाईंनी लगेच हेरला. मागं तोच कडुनिंब. विषय सोपा होता: आत्ता घरी कोण काय करत आहे ते सांगा, यंत्र लिहील, मग आपण वाचू. सुगतनं सुरुवात केली, माझी आई स्वयंपाक करत आहे. पडद्यावर तसंच्या तसं. मग रेणुका, मग बाकीचे तिघं. वडील कामावर जात आहेत. आजी दळण निवडत आहे. एक काना चुकला नाही. चाळीस चौकोनांत टाळ्या पडल्या, साहेबांनी वा म्हटलं, माणिकराव दाराशी उभे राहून खिशातला रुमाल चाचपत होते. सगळं ठरल्यासारखं, आणि बाईंना एकाएकी ते फार गुळगुळीत वाटलं. या पाचांपैकी एकाच्याही घरी कुणी असं बोलत नाही. ही वाक्यं पोरांची नव्हती, यंत्राची होती. पोरांनी ती यंत्राला पाठ करून दाखवली होती. शिकलं कोण मग? आणि तेवढ्यात त्यांची नजर खिडकीजवळच्या बाकावर गेली. महेश्वरीचे ओठ हलत होते. आवाज नाही, पण ओठ प्रत्येक वाक्याबरोबर काही तरी निराळंच म्हणत होते. तोंडात शब्द फिरवून पाहायचा आणि गिळून टाकायचा, ही कला बाईंच्या पूर्ण ओळखीची होती.

पाठाची वीस मिनिटं शिल्लक होती. बाई टॅब घेऊन खिडकीकडं निघाल्या. माणिकरावांनी नको म्हणून मान हलवली, मग हात हलवला. बाईंना दोन्ही दिसलं. त्यांनी टॅब महेश्वरीसमोर धरला आणि म्हणाल्या, घरी आत्ता कोण काय करत आहे ते सांग. महेश्वरीनं खाली पाहिलं. पडद्यावर माइकचं चित्र लुकलुकत होतं आणि पुढं पांढरं. अर्धा मिनिट तसंच गेलं. दुसऱ्या कुणाच्या पाठात इतका वेळ शांतता झाली असती तर बाईंनीच डोक्याला हात लावला असता. आता मात्र त्यांना आतून उकळी फुटत होती, लहानपणी विहिरीत उडी मारण्याआधी फुटायची तशी. त्या वाकल्या. कॅमेरा चालू होता, साहेब पाहत होते, चुडाव्याचा कडुनिंब पाहत होता.

“महेश्वरी,” त्या म्हणाल्या, “माय काय करायलीय ग?”

पोरीनं झटकन मान वर केली. बाईंच्या तोंडाकडं तिनं असं पाहिलं की जणू तिथून चिमणी उडाली. मग जुलैपासूनचा दाबून ठेवलेला आवाज एकदम बाहेर आला.

“माय भाकरी करायलीय.”

पडद्यावर अक्षरं धावली: माय भाकरी कराय लिही. आणि ‘कराय’खाली एक लाल, वाकडीतिकडी रेघ. वर्ग फुटला. चौकोनांतूनही हसणं आलं, चाळीस शाळांचं हसणं एकमेकांत अडकून फाटलेल्या कर्ण्यासारखं वाजलं. महेश्वरीचा चेहरा मिटायला लागला. बाईंच्या डोळ्यांदेखत, कडेकडून, आत. साहेबांचा आवाज आला, सौम्य, समजावणीचा. ते म्हणाले, मॅडम, काही हरकत नाही, मुलीला प्रमाण वाक्य सांगायला लावा. सिस्टिम चुकत नसते, उच्चार चुकतो. बाईंना त्या लाल रेघेवरून नजर काढवेना. ती त्यांचीच रेघ होती. शाई, जाडी, वळण, सगळं त्यांचं.

“साहेब,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडातून आलेला आवाज परभणीचा नव्हता, “लेकरू बराबर बोलायलंय. यंत्रालाच आमची जबान येत न्हाई. नवीन हाय ते. आमी शिकवतो त्याला.”

माणिकरावांनी रुमालानं तोंड पुसलं. साहेबांचा चौकोन तसाच राहिला, चेहरा हलत होता की नाही कळेना. मार्गदर्शक शिक्षिका गेली, असं बाईंच्या मनात येऊन गेलं, आणि पुढं विचार करायला वेळच नव्हता, कारण महेश्वरी उठून पडद्यापाशी गेली होती. तिनं बोट ठेवून पहिल्यांदा वाचलं, मग ओरडूनच सांगितलं की बाई, ह्यानं माज्या मायला लिहायला लावलंय. वर्ग पुन्हा हसला, पण हे हसणं वेगळं होतं, त्यात महेश्वरीही होती. बाईंनी विचारलं, असं कसं झालं, कोण सांगतं. आणि मग त्या पाठात ज्याचं टाचण कुणी काढलं नव्हतं ते सुरू झालं. सुगत म्हणाला, आपलं लीय त्याला लिही ऐकू येतंय. खरं का? करून पाहू. पोरं टॅबभोवती जमली. माही आज्जी शेळी चारायलीय. उमटलं, चाराय लिही. ताई न्हायलीय, न्हाय लिही. बाप दुकानात जायलाय म्हटलं तर जायला ये. म्हणजे बापाला नुसतं बोलावणं, आणि लिहिणार सगळ्या बायाच. पोरी बाकांवर चढल्या. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातल्या निरोपांच्या रकान्यात ओळी यायला लागल्या. पाथरीच्या वर्गानं त्यांच्या टॅबवर बोलून पाहिलं होतं, मावशी पाणी भराय लिही. सोनपेठ: काकू दळण दळाय लिही. मग कुठलं कुठलं, ओळीवर ओळ, वाचता वाचता बाईंची दमछाक झाली. सबंध जिल्ह्यात त्या दहा मिनिटांत ज्याची माय जे काही करत होती, ती ते सोडून लिहीत होती. चुलीपुढं, हौदावर, रानात, हापशावर. चुडाव्याहूनही एक ओळ आली, आणि ती कुणाच्या मायची होती हे बाईंना कळलं नाही, नावं ठाऊक असण्याचे दिवस राहिले नव्हते; पण त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

नंतर यंत्राला शिकवणं झालं. बाईंनी महेश्वरीच्या हातात टॅब दिला आणि बोटानं एकेक अक्षर टिपायला सांगितलं: क, रा, य, ली, य. पुन्हा लाल रेघ आलीच. शब्दावर बोट दाबून धर, बाई म्हणाल्या. छोटी पाटी उघडली, तीत लिहिलं होतं, शब्दकोशात जोडा. महेश्वरीनं बाईंकडं पाहिलं. जोड, बाई म्हणाल्या. तिनं बोट टेकवलं आणि करायलीयखालची लाल रेघ नाहीशी झाली. नुसती पुसली गेली, मागं डागसुद्धा न ठेवता. चौकोनांतून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे आपापल्या टॅबवर शब्द जोडण्यात गढले होते. तेवढ्यात साहेबांनी खाकरून विचारलं की जायलाय हा शब्द एक का दोन, म्हणजे कसा लिहायचा. बाईंनी सांगितलं, एकच. साहेबांनी तो लिहून घेतला की काय कुणास ठाऊक. म्हणाले, रेकॉर्डिंग पाहून कळवू. आणि बारा वाजता एकेक करून चौकोन मिटले.

जेवणाच्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. महेश्वरीचा आवाज मैदानातून येत होता, इतका मोठा आणि इतका अखंड की माणिकराव दारातून म्हणाले, हिला आता गप्प कोण करणार. बाई म्हणाल्या, मी तर न्हाई. माणिकराव त्यांच्याकडं बघतच राहिले आणि मग डबा खायला गेले. बाईंना भूक नव्हती. कानांत अजून चाळीस शाळा गुणगुणत होत्या, आणि त्या सगळ्या गलक्यातून एक गोष्ट राहून गेली होती. त्यांनी टॅब जवळ ओढला. हे आवाजाचं यंत्र शब्दकोशातलं इतक्या लवकर शिकत नाही, हे त्यांना आठ दिवसांच्या अनुभवानं माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर आज ते शिकू नये असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी माइकवर बोट ठेवलं. फाटकाशी उभं राहून हाक मारावी तशा आवाजात, गॅलरीला ऐकू जाईल असं, त्या म्हणाल्या, “माय रानात जायलीय.”

पडद्यावर उमटलं: माय रानात जाई लिही.

चूक दिसली की बाईंचं बोट शिवशिवतं, ही तीस वर्षांची खोड. ते आताही पुढं गेलं. त्यांनी ‘जाई’नंतर एक स्वल्पविराम दिला आणि ‘लिही’नंतर पूर्णविराम. मग थोडं मागं सरकून, पडद्यावरचं वाक्य परीक्षेतला उतारा वाचावा तसं सावकाश वाचलं. माय रानात जाई, लिही. बाकी दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.